विंडोज १० चा सपोर्ट संपला, लॅपटॉपला ११ चालत नाही. लिनक्स टाकलं तर गेम खरंच चालतील का?

तुम्ही चार गेम सांगितलेत: जीटीए ५, विचर ३, काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट. लॅपटॉप सातव्या जनरेशनच्या आय-५ चा, त्यात जीटीएक्स १०५० हे ग्राफिक्स कार्ड. यातले पहिले तीन चालतील. जीटीएचं ऑनलाइन नाही चालणार, आणि व्हॅलोरंट तर अजिबातच नाही. आता तीनच का आणि चौथा का नाही, ते सांगतो, कारण ते कळलं की पुढच्या कुठल्याही गेमचं उत्तर तुम्हाला स्वतःच काढता येईल.

लिनक्सवर गेम वाढले म्हणजे कंपन्या लिनक्ससाठी गेम बनवायला लागल्या, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं काही झालेलं नाही. तो प्रयोग आधी करून झाला होता. १९९८ साली अमेरिकेत लोकी नावाची कंपनी फक्त विंडोजचे गेम लिनक्सवर आणायला निघाली आणि २००२ च्या सुरुवातीला तिने गाशा गुंडाळला. पुढे विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचं अॅप स्टोअर आणलं, तेव्हा स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल धास्तावले. उद्या विंडोजच्या मालकानेच आपलं दुकान बंद पाडलं तर काय, ही भीती रास्तच होती. म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्सवर स्टीम आलं आणि २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे डबे, म्हणजे लिनक्सवर चालणारे गेमिंग कॉम्प्युटर, बाजारात आले. ते कोणी घेतले नाहीत. गेमच नाहीत तर डबा घेऊन करायचं काय? आणि गिऱ्हाईक नाही म्हणून कंपन्या गेम आणेनात.

हा तिढा सुटला ऑगस्ट २०१८ मध्ये, प्रोटॉन आल्यावर. व्हॉल्व्हने कंपन्यांच्या मागे लागणंच सोडलं आणि विंडोजसाठी बनलेला गेम जसाच्या तसा लिनक्सवर चालवायचं ठरवलं. प्रोटॉनच्या पोटात वाइन आहे, आणि ते १९९३ पासून चाललेलं काम आहे. गेम विंडोजकडे जे जे मागतो (फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज वाजव) ते वाइन लिनक्सकडून करून घेतं. पण खरी अडचण होती ग्राफिक्सची. विंडोजचे गेम डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्सच्या भाषेत बोलतात आणि लिनक्सला ते कळत नाही. फिलिप रेबोल नावाच्या एका प्रोग्रामरला निअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. हा दुभाषा गेमचं डायरेक्टएक्समधलं बोलणं तिथल्या तिथे व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत सांगतो, आणि व्हल्कन तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर थेट समजतो. व्हॉल्व्हने त्याच्या कामाला पैसा पुरवला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. स्टीम डेक हा व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा, लिनक्सवरचा कॉम्प्युटर २०२२ मध्ये आला, त्याचा गाजावाजा जास्त झाला, पण तो उभा आहे याच पायावर.

हे कितपत जमलं आहे? एल्डन रिंग २०२२ मध्ये आला तेव्हा विंडोजवर चांगल्या चांगल्या कार्डांवरही मध्येच अडखळत होता. स्टीम डेकवर मात्र व्हॉल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमधल्या दुभाष्याच्या थरातच दुरुस्ती केली आणि तिथे तो जास्त सुरळीत चालू लागला. गेमच्या कोडला हातही न लावता! आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा गेमही कॉम्प्युटरवर विंडोजसाठीच आलेला; लिनक्सवर खेळायचा तर तोही प्रोटॉनमधूनच.

आता व्हॅलोरंट. त्याची अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्राम), व्हॅनगार्ड, विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यात आतल्या गाभ्यात, ड्रायव्हर बनून बसते. वाइन कर्नलपर्यंत जातच नाही, त्यामुळे तिला तिथे बसायला जागाच नाही. इंटरनेटवर कोणी 'लिनक्सवर व्हॅलोरंट चालवायची ट्रिक' सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. व्हर्च्युअल मशीनमध्येही (लिनक्सच्या आत चालवलेल्या विंडोजमध्ये) व्हॅनगार्ड उभं करून घेत नाही.

जीटीए ऑनलाइनची गोष्ट वेगळी आणि जास्त चीड आणणारी आहे. ते लिनक्सवर छान चालत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉकस्टारने त्यात बॅटलआय ही अँटी-चीट घातली आणि लिनक्सवाले बाहेर पडले. गंमत म्हणजे बॅटलआय प्रोटॉनवर चालते! २०२१ मध्येच तिने आणि इझी अँटी-चीटने ती सोय केली. पण गेमच्या कंपनीने ती चालू करावी लागते, आणि रॉकस्टारने केली नाही. फोर्टनाइटचंही तेच. इझी अँटी-चीट फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक कंपनीच्याच मालकीची, ती लिनक्सवर चालते, तरी एपिकचा फोर्टनाइट लिनक्सवर नाही. एपेक्स लेजंड्स तर आधी चालत होता, पण ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी चीटर फार झाले म्हणून त्याच्या कंपनीने, ईएने, लिनक्सचं दारच बंद केलं. चीटरचा त्रास खोटा नाही, हे मान्य. पण विंडोजवर काय चीटर नाहीत? तेव्हा ऑनलाइन गेम असेल तर 'लिनक्सला जमतं का' यापेक्षा 'कंपनीची इच्छा आहे का' हे आधी बघायचं. एकट्याने खेळायचा असेल तर बहुतेक वेळा चिंता नाही. प्रोटॉनडीबी नावाची साइट आहे, तिथे गेमचं नाव टाका, लोकांनी कुठल्या कार्डावर कसा चालला ते लिहिलेलं असतं. दोनचार ताजे अभिप्राय वाचा, जुने सोडून द्या.

तुमच्या लॅपटॉपबद्दल. कुठलं लिनक्स, या प्रश्नावर लोक हमरीतुमरीवर येतात. लिनक्स वेगवेगळ्या नावांनी मिळतं; त्यातलं मी सरळ मिंट सांगेन, आणि त्याला कारण आहे. एनव्हिडियाने ५८० ही १०५० सारख्या पास्कल पिढीच्या कार्डांसाठी ड्रायव्हरची शेवटची मालिका ठरवली आहे. आर्चसारखं सतत नवं नवं ओढून घेणारं लिनक्स टाकलंत तर एखाद्या अपडेटनंतर ड्रायव्हरच्या मागे धावावं लागेल. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ५८० निवडा, रीस्टार्ट करा, विषय संपला. मिंटऐवजी उबंटू टाकणार असाल तर त्याच्या स्नॅप या अॅप स्टोअरमधलं स्टीम घेऊ नका, व्हॉल्व्हच्या साइटवरून डेब ही इन्स्टॉल करायची फाइल उतरवा.

मग स्टीमच्या सेटिंगमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले (म्हणजे प्रोटॉन वापरायची सोय) चालू आहे का बघा. पहिल्यांदा गेम उघडताना 'व्हल्कन शेडर' तयार करतोय असं सांगत एक पट्टी हळूहळू सरकते. ती रद्द करू नका, सरकू द्या, नाहीतर खेळताना धक्के बसतात. फ्रेम फारच कमी पडल्या तर आधी बघा, गेम इंटेलच्या चिपवर चाललाय का. दोन ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपमध्ये हे सर्रास होतं आणि लोक शिव्या लिनक्सला घालतात.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, कारण नवे लोक इथेच अडकतात. विंडोजच्या डी ड्राइव्हवर शंभर जीबीचे गेम आधीच पडलेले असतात, आणि तेच फोल्डर लिनक्सच्या स्टीमला दाखवायचा मोह होतो. गेम यादीत दिसतो, प्ले दाबलं की बटण क्षणभर बदलतं आणि परत होतं तसं. एरर नाही, काही नाही. कारण असं की प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटं विंडोज तयार करतो आणि त्यात 'सी:' अशा नावाची लिंक असते. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये नावात विसर्गासारखं ते चिन्ह चालत नाही. लिंक बनत नाही, गेम उठत नाही. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तो ड्राइव्ह लिनक्सला फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. गेमसाठी ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटची वेगळी जागा करा आणि डेटा तिथे कॉपी करा. गेम पुन्हा उतरवावा लागत नाही, स्टीम फाइली तपासून घेतं.

विचर ३ सुरू करताना डायरेक्टएक्स ११ निवडा. १२ या कार्डाला जड जाईल, आणि एनव्हिडियावर १२ चे गेम लिनक्समध्ये विंडोजपेक्षा तसेही मागे पडतात. जीटीए ५ ची लेगसी, म्हणजे जुनी, आवृत्तीच घ्या. तो मे २०२० मध्ये एपिकने फुकट वाटला होता, तेव्हा तुमच्याकडेही तिथलाच असेल तर हिरोइक लाँचर टाका, एपिकचं खातं त्यात उघडतं. काउंटर-स्ट्राइक २ ला यातलं काहीच लागत नाही, त्याची लिनक्स आवृत्ती व्हॉल्व्ह स्वतःच देतं. मायक्रोसॉफ्टच्या गेम पासमधले उतरवून खेळायचे गेम मात्र विसरा.

व्हॅलोरंट सुटत नसेल तर विंडोज पुसू नका. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर मिंट तिच्यावर टाका आणि विंडोज फक्त त्या एका गेमपुरतं ठेवा. बँकेची कामं, मेल वगैरे मिंटवर, कारण विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेचे अपडेट आपोआप मिळत नाहीत, त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते.