वाचकांचे प्रश्न : तांबं जातं, धोका मागे राहतो

प्रश्न : आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवरून गच्चीपासून जमिनीपर्यंत आलेली तांब्याची पट्टी कुणीतरी कापून नेली. कधी नेली, तेही सांगता येत नाही. दिवे, पंप, लिफ्ट सगळं नीट चालू आहे. समितीतले काही जण म्हणतात, आता कॅमेरे लावू, पट्टी पुढच्या वर्षीच्या खर्चात बसवू. तुमचं मत काय?
(एका गृहसंस्थेच्या सचिव)

उत्तर : ताई, पुढच्या वर्षाची वाट पाहू नका. याच आठवड्यात परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला बोलवा. तुम्ही लिहिलंय की सगळं नीट चालू आहे. या चोरीत घातक आहे ते नेमकं हेच. नळ चोरला तर पाणी वाहतं, केबल नेली तर अंधार होतो. अर्थिंग, म्हणजे बिघाडात वीज जमिनीत उतरवणारी वाट, नेलं तर काहीच होत नाही. मग एखाद्या दिवशी पंपाच्या मोटरचं इन्सुलेशन आतून जातं आणि वीज मोटरच्या लोखंडी अंगात उतरते. अर्थिंग शाबूत असेल तर अशा वेळी एवढा मोठा प्रवाह वाहतो की फ्यूज उडतो किंवा एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडते. ती वाटच कापलेली असेल तर एमसीबीला पत्ताच लागत नाही, आणि कुणी हात लावेपर्यंत मोटरच्या अंगात वीज तशीच राहते.

पट्टी गच्चीवरून आलेली होती, म्हणजे ती बहुधा तडितरक्षकाची, आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या व्यवस्थेची, असणार. तसं असेल तर गच्चीवरचा दांडा आता वीज ओढून घेईल, पण तिला खाली जमिनीत न्यायला वाट नाही. मग ती जवळच्या पाइपात, वायरिंगमध्ये, कॉलमच्या सळयांत उडी मारते. म्हणून दोन्ही गोष्टी तपासून घ्या : तडितरक्षकाची वाट आणि इमारतीचं विजेचं अर्थिंग. नुसतं डोळ्यांनी पाहून भागत नाही. इमारतींच्या देखभालीत माझी हयात गेली. अर्थ पिटचं, म्हणजे अर्थिंग जिथे जमिनीत पुरतात त्या खड्ड्याचं, झाकण जागेवर, माती वरून सारखी केलेली, भिंतीवरचे क्लॅम्पही तसेच, आणि झाकण उचलल्यावर आत वीतभर तांब्याचं कापलेलं टोक, असं मी पाहिलेलं आहे. नोंदवहीत मात्र ‘तपासले, ठीक आहे’ अशी सही होती. मीटर लावून पिटचा रेझिस्टन्स आणि पिटपासून पॅनेलपर्यंतची सलगता मोजायला सांगा, आणि आकडा वहीत लिहून घ्या.

नवी पट्टी कुठली बसवायची? भिंतीवर उघड्यावर पुन्हा तांबंच लावलंत तर ते पुन्हा जाईल. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची (जीआय) पट्टी चालते, फक्त लोखंडातून वीज तांब्यापेक्षा बरीच कमी वाहते, तेव्हा पट्टी जाड घ्यावी लागते. जाडीचा हिशेब कंत्राटदाराकडून लेखी मागा. दुसरा पर्याय म्हणजे आत पोलाद आणि वर तांब्याचा थर असलेला कंडक्टर. तो कापायला चिवट, आणि दोन धातू एकमेकांना चिकटलेले असल्याने भंगारात त्याला फारसा भाव येत नाही. उरलेल्या जुन्या तांब्याला जीआय पट्टी थेट बोल्टने जोडू देऊ नका. ओल लागली की जस्त खात जातं आणि सांधा आतून पोकळ होतो. दोन धातूंसाठीचा खास कनेक्टर मिळतो, तोच वापरा.

जमिनीपासून डोक्याच्या वर जाईल एवढ्या उंचीपर्यंत पट्टी जाड पीव्हीसी पाइपात घाला. इथे लोखंडी पाइप नको. क्लॅम्पना डोकं तुटणारे बोल्ट वापरा. ते आवळताना ठरावीक जोरानंतर षटकोनी डोकं मोडून पडतं आणि मागे पान्याला पकडच राहत नाही. सांधे वेल्डने पक्के करता येतात, पण टेस्ट लिंक, म्हणजे मोजणीसाठी सोडवायचा सांधा, कधीही वेल्ड करू नका. ती उघडता आली तरच पुढे मोजणी होते. तिला कुलपाची पेटी करा.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. पण अंधारात टोपी घातलेल्या माणसाच्या चित्रणाने तुमचं अर्थिंग परत येणार नाही. त्याआधी तो खर्च धातूला ओळख देण्यावर करा. हे तांबं विकलं का जातं? कापलं की ते कुणाचंच राहत नाही म्हणून. इंग्लंडमध्ये २००५ च्या डिसेंबरमध्ये हेन्री मूर या शिल्पकाराचं दोन टनांहून जास्त वजनाचं ब्राँझचं शिल्प त्याच्या संस्थेच्या आवारातून ट्रकवर घालून पळवलं. किंमत सुमारे तीस लाख पौंड. ते वितळवून भंगाराच्या भावात, म्हणजे जेमतेम दीड हजार पौंडांना, गेलं असावं, असा पोलिसांचा अंदाज होता. तुकडा ओळखता आला तर चोराला गिऱ्हाईक मिळणं अवघड होतं. नंबर पंचाने, म्हणजे हातोडीने ठोकून आकडे उमटवायच्या ठशाने, दर हातभर अंतरावर संस्थेची खूण ठोका, आणि लिंक, क्लॅम्प, व्हॉल्व्ह यांवरही ती असू द्या. अतिनील प्रकाशात चमकणारं, प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा संकेत असलेलं द्रवही मिळतं. पंच स्वस्त आहे, त्यापासून सुरुवात करा. आणि खुणा केल्या आहेत, अशी ठळक पाटी लावा.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या इमारतीतल्या अग्निशमन पेट्यांमधले पितळी नोझल वारंवार गायब होतात. पेट्यांना कुलपं लावावीत का?
(एका संस्थेचे विश्वस्त)

उत्तर : नाही. कुलूप असलेली होज पेटी आगीच्या वेळी निरुपयोगी असते. धुरात किल्ली शोधणारा माणूस मी डोळ्यांसमोर आणू शकत नाही. पेटीला क्रमांक असलेलं प्लास्टिकचं सील लावा. ते हाताने ओढलं की तुटतं. रोजच्या फेरीत पहारेकऱ्याने पेटी उघडायची नाही, फक्त सील शाबूत आहे का आणि क्रमांक तोच आहे का, एवढं बघायचं. चोरी महिन्यांनी कळण्याऐवजी दुसऱ्या दिवशी कळते.

सगळ्यात जपायचा काळ म्हणजे दुरुस्तीसाठी लाइनमधलं पाणी काढलेलं असतं तो. एरवी लँडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मजल्यावरचा अग्निशमनाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह, खोलला तर दाबाचं पाणी अंगावर येतं, म्हणून चोर कोरड्या लाइनची वाट पाहतो. त्या दिवसांत बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मालाला आउटवर्ड गेटपास ठेवा, कंत्राटदाराच्या गाडीलाही. काढलेले जुने पाइप आणि फिटिंग आवारात ढीग करून ठेवू नका. वजन करून, बँकेतून पैसे घेऊन ताबडतोब विका. त्या ढिगात नवा व्हॉल्व्ह घालून बाहेर काढणं सोपं असतं. आणि पुराव्याशिवाय पहारेकऱ्यावर ठपका ठेवू नका. फेरी मारणारा तोच आहे, त्याचा विश्वास गमावून तुमचं नुकसान होईल.

प्रश्न : माझं भंगाराचं दुकान आहे. वडिलांपासूनचा धंदा. चोरीचा माल घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही, पण समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही हे कसं ओळखायचं? पोलिसांची चौकशी लागली की आम्हीच चोर ठरतो.
(एक भंगार व्यावसायिक)

उत्तर : तुमचं पत्र आलं याचं मला फार समाधान वाटलं. तांबं कितीही वेळा वितळवा, त्याचा गुण कमी होत नाही. ते पुन्हा कामाला लागतं ते तुमच्यासारख्यांच्या हातून. आणि चोरी थांबते तीही तुमच्या काट्यापाशीच.

माल बोलतो, त्याच्याकडे नीट पाहा. खरं भंगार जुनं, मळलेलं, तऱ्हेतऱ्हेचं असतं. चोरीच्या मालाला ताजा चकचकीत काप असतो आणि तुकडे गाडीत मावतील अशा सारख्या लांबीचे असतात. ठरावीक अंतरावर भोकं असलेली तांब्याची पट्टी म्हणजे कुठल्या तरी भिंतीवरचं अर्थिंग किंवा तडितरक्षक. झीजच नसलेलं पितळी नोझल किंवा व्हॉल्व्ह, अक्षरं ओतलेलं झाकण, रेल्वेचं किंवा वीज कंपनीचं चिन्ह असलेला कोणताही तुकडा, यांचे कागद मागा. जाळलेल्या केबलबद्दल तर अधिकच सावध राहा. वरचं पीव्हीसी जाळलं की केबलवरची छापील नावं आणि लांबीचे मीटरमधले आकडे नाहीसे होतात, म्हणूनच ते जाळतात. त्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन असतात, तेव्हा ती घेऊच नका. केबल सोलून आणलीत तर घेईन, असं सांगा.

माणसाकडे पाहताना एकच गोष्ट बघा. मालक भावासाठी घासाघीस करतो. ज्याला माल कुठून आला हे सांगता येत नाही आणि तुम्ही म्हणाल तो भाव मान्य असतो, त्याला परत पाठवा.

बाकीचं तुमच्या वहीचं काम. ओळखपत्राची प्रत, गाडीचा नंबर, मालाचा फोटो आणि वजन. पैसे रोख देऊ नका, खात्यात द्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१२ पासून भंगाराची रोखीने खरेदी बंद झाली. पुढच्या वर्षी आलेल्या कायद्याने परवाना, विक्रेत्याची ओळख पडताळणं आणि नोंदी तीन वर्षं जपणं सक्तीचं केलं. तुमच्याकडे कायदा काय सांगतो ते पाहाच, पण तो सांगत नसला तरी हे करा. घेतलेला माल काही दिवस तसाच बाजूला ठेवा, लगेच तोडू किंवा वितळवू नका. चौकशी आली तर वही आणि माल दोन्ही समोर ठेवता येतात, आणि मग तुमच्याशी बोलण्याचा पोलिसांचा सूरच वेगळा असतो. आसपासच्या इमारतींना तुमचा नंबर देऊन ठेवा. काही चोरीला गेलं की पहिला फोन तुम्हाला यावा.

प्रश्न : रस्त्यावरच्या चेंबरचं बिडाचं झाकण चोरीला गेलंय. तक्रार केली आहे. नवीन येईपर्यंत वर फायबरचं हलकं झाकण ठेवलं तर चालेल का?
(एक वाचक)

उत्तर : झाकणाच्या वर्गावर अवलंबून आहे. काचतंतू आणि राळेचं, म्हणजे ज्याला आपण फायबरचं म्हणतो ते झाकण उत्तम पर्याय आहे, कारण भंगारात त्याला किंमतच नाही. पण ते रस्त्याच्या भाराचं असलं पाहिजे. युरोपीय प्रमाणात वाहनांच्या रस्त्यासाठी ‘डी ४००’ वर्ग असतो, म्हणजे ४०० किलोन्यूटनची, सुमारे चाळीस टन भाराची चाचणी. फुटपाथसाठीचं हलकं झाकण रस्त्यावर ठेवलं तर ट्रकचं चाक त्यासकट आत जाईल, आणि उघड्या खड्ड्यापेक्षा ते वाईट, कारण वरून सगळं झाकलेलं दिसतं. त्यामुळे ते ठेवू नका. तोपर्यंत चारही बाजूंनी पक्कं बॅरिकेड आणि रात्री लाल दिवा हवा. तो लागेपर्यंत तिथे माणूस उभा करा. नवीन झाकण बिजागरीचं आणि कुलपाचं मागा, आणि खाली सुरक्षा जाळी बसवायला सांगा, म्हणजे पुढे कधी झाकण गेलं तरी माणूस खाली जाणार नाही. तक्रारीत चौकटीच्या आतलं माप आणि खोबणीची खोली लिहून द्या. ते नसेल तर येणारं झाकण डुगडुगतं आणि महिनाभरात फुटतं.