बोस्टनच्या पब्लिक गार्डनमधलं ईथरचं स्मारक मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे : बोस्टनमध्ये दीडेक तास मोकळा मिळणार आहे, सोबत बारावीतली मुलगी आहे आणि तिला मेडिकलला जायचंय. तर पब्लिक गार्डनमधलं भुलेच्या शोधाचं, म्हणजे ज्याच्या वाफेने भूल दिली त्या ईथरचं, स्मारक वाट वाकडी करून बघावं का, आणि बघायचं तर त्यात काय बघायचं?

जा. अगदी जरूर जा. मी भूलतज्ज्ञ आहे. रोज सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये जे काम करते तेच त्या दगडात कोरलेलं आहे, त्यामुळे मला त्या जागेबद्दल ओढ आहे. पण तुमच्या मुलीसाठीही ते महत्त्वाचं आहे, कारण वैद्यकात एखादा शोध लागतो तेव्हा त्याच्या आजूबाजूला माणसं कशी वागतात हे तिथे उभं राहून सांगता येतं.

आधी जागा सांगते. मेट्रोच्या ग्रीन लाइनच्या आर्लिंग्टन स्टेशनवर उतरलात की बागेचा नैर्ऋत्य कोपरा समोरच असतो. आत शिरून आर्लिंग्टन स्ट्रीटच्या कडेकडेने उत्तरेला चालायला लागा. घोड्यावर बसलेल्या वॉशिंग्टनचा पुतळा मागे पडला की वायव्य कोपऱ्याकडे झाडांमध्ये ग्रॅनाइटचं उंच बांधकाम दिसतं, साधारण ४० फुटांचं. खाली चौकोनी हौद, त्यात पाणी सोडणारी सिंहमुखं, वर कमानी आणि खांब, आणि अगदी टोकाला दोन माणसं. बागेत येणारे बहुतेक जण हंसाच्या होड्यांकडे किंवा मुलं बसतात त्या ब्राँझच्या बदकांकडे जातात, त्यामुळे इथे गर्दी नसते. बागेला तिकीट नाही. हिवाळ्यात कारंजं बंद असतं, पण त्याने काही बिघडत नाही.

स्मारक १८६७ साली उभं राहिलं. या बागेतलं ते सगळ्यांत जुनं. शिल्पकार जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स वॉर्ड, वास्तुरचना विल्यम वेअर आणि हेन्री व्हॅन ब्रंट या जोडीची.

तिथे पोचलात की आधी मान वर करून टोकावरची ती दोन माणसं नीट बघा. लांब झगा घातलेला, दाढीवाला, फेटा बांधलेला एक पुरुष बसलाय आणि त्याच्या गुडघ्यावर दुसऱ्या एका उघड्या माणसाचं शरीर टेकलंय. बायबलमधली गोष्ट आहे ही. वाटमारीत लुटला गेलेला, मार खाऊन रस्त्यात पडलेला प्रवासी; त्याच्याच समाजातले लोक बाजूने निघून जातात आणि ज्याच्याशी काही नातं नाही, असा परक्या जमातीचा एक शोमरोनी थांबून त्याच्या जखमा बांधतो. शिल्पात त्याच्या हातात एक फडकं आहे आणि तेच ईथरचं सूचक मानतात. मला दर वेळी अडवतं ते जखमी माणसाचं शरीर. ते ढिलं पडलंय. हात लोंबतोय, पाठीला ताठपणा नाही. दुखणारा माणूस असा कधीच पडत नाही. दुखणारा माणूस आवळून घेतो, मुठी मिटतो, जबडा घट्ट करतो. भूल चढली की आधी हा आवळलेपणा जातो. आमच्या कामात मॉनिटरच्या आकड्यांइतकंच याच्याकडे लक्ष असतं. वॉर्डने तो ढिलेपणा दगडात पकडलाय आणि तो बरोबर आहे.

मग खाली या आणि चारी बाजूंनी एक फेरी मारा. संगमरवरात चार उठावशिल्पं आहेत. दोन रूपकात्मक आहेत : एकात दयेची देवदूत दुःखी माणसांकडे उतरून येते, दुसऱ्यात विज्ञानाचा विजय दाखवलाय. ती ओझरती बघितली तरी चालेल. उरलेल्या दोनांपुढे थांबा. एकात ईथर दिलेल्या पेशंटवर शस्त्रक्रिया चालू आहे. दुसऱ्यात रणांगणावरचं इस्पितळ आहे. सर्जन जखमी सैनिकाचा पाय कापायच्या तयारीत उभा आहे आणि सैनिक शांत झोपलाय. हे शिल्प झालं तेव्हा अमेरिकेचं यादवी युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. तेव्हा बागेत येणाऱ्या कितीतरी घरांत एक पाय किंवा एक हात गमावून परतलेला मुलगा असेल. त्या युद्धात ईथरपेक्षा क्लोरोफॉर्म हे भुलेचं दुसरं औषध जास्त वापरलं गेलं, कारण ते लवकर चढतं आणि पेट घेत नाही. पण ईथरही दिलं गेलं. ज्याच्या नावावर हा शोध लावला जातो तो विल्यम मॉर्टन १८६४ साली स्वतः व्हर्जिनियात जाऊन जखमींना ईथर देत होता.

मात्र मॉर्टनचं नाव तुम्हाला या स्मारकावर सापडणार नाही. दगडावर कोरलेल्या मजकुरात म्हटलंय एवढंच की ईथर हुंगल्याने वेदनेची जाणीव जाते, आणि हे जगापुढे पहिल्यांदा सिद्ध झालं ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, ऑक्टोबर १८४६ मध्ये. पैसे देणाऱ्याचंही नाव नाही. ‘बोस्टनच्या एका नागरिकाने’ एवढंच. तो नागरिक म्हणजे थॉमस ली.

का नाव नाही, हे मुलीला सांगायला हवं. १६ ऑक्टोबर १८४६ ला त्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या घुमटाखाली सर्जन जॉन कॉलिन्स वॉरन यांच्यापुढे एडवर्ड गिल्बर्ट अ‍ॅबट नावाचा तरुण पेशंट बसला होता. जबड्याखाली गाठ होती. मॉर्टन हा दंतवैद्य. तो उशिरा आला, कारण त्याचं उपकरण शेवटच्या क्षणापर्यंत तयार होत होतं. उपकरण म्हणजे काचेचा गोल, आत ईथरमध्ये भिजवलेला स्पंज, एका तोंडाने हवा आत येणार आणि दुसऱ्याने पेशंट ओढणार. एवढं साधं कसं चाललं? ईथर साधारण ३५ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही थोडं खाली. त्याची वाफ करायला वेगळं काही लागत नाही. शिवाय ते क्षमाशील औषध आहे. चढायला वेळ लागतो, वास उग्र, नंतर उलट्या होतात, पण श्वास चटकन थांबवत नाही. अनुभव जेमतेम असलेल्या माणसाच्या हातात दुसरं एखादं औषध असतं तर त्या दिवशी काय झालं असतं याचा विचार माझ्या मनात येतोच.

शस्त्रक्रिया झाली, आणि पहिला छेद घेताना पेशंट ओरडला नाही. आधीच्या वर्षी, १८४५ मध्ये, होरेस वेल्स या दुसऱ्या दंतवैद्याने बोस्टनमध्येच नायट्रस ऑक्साइड या वायूने भूल देण्याचा प्रयोग दाखवला होता. पेशंट मध्येच ओरडला आणि जमलेल्यांनी वेल्सला भोंदू ठरवलं. म्हणून या वेळी वॉरन समोरच्यांकडे वळून म्हणाले असं सांगतात : ‘सद्गृहस्थहो, ही भोंदूगिरी नाही.’ अ‍ॅबटने नंतर सांगितलं की दुखलं नाही, मानेवर काहीतरी खरवडल्यासारखं वाटलं. आजच्या भाषेत भूल हलकी होती. तरी वेदना नव्हती.

पुढचं मात्र वाईट आहे. मॉर्टनने ईथरला रंग आणि सुवास घालून ‘लेथिऑन’ असं नाव दिलं आणि पेटंट घेतलं. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मोठ्या शस्त्रक्रियेआधी अट घातली की आत काय आहे ते सांग, नाहीतर वापरणार नाही. त्याने सांगितलं, आणि ७ नोव्हेंबरला ईथरखाली एका तरुणीचा पाय कापला गेला. ही अट घालणारे डॉक्टर मला या सगळ्या गोष्टीत फार मोठे वाटतात. ज्या औषधात काय आहे ते माहीत नाही ते पेशंटला द्यायचं नाही, यावर ते अडून राहिले. तुमच्या मुलीला यातलं एकच काही सांगायचं असेल तर हे सांगा.

श्रेयाचं भांडण मग कित्येक वर्षं चाललं. रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स जॅक्सन म्हणे कल्पना माझी. वेल्स म्हणे वायू हुंगवायची सुरुवात माझी. तिकडे जॉर्जियात क्रॉफर्ड लाँगने १८४२ सालीच ईथर देऊन मानेवरची गाठ काढली होती, फक्त छापलं १८४९ मध्ये. वेल्सने १८४८ साली न्यूयॉर्कच्या तुरुंगात जीव दिला. जॅक्सनची शेवटची वर्षं मनोरुग्णालयात गेली. मॉर्टन १५ जुलै १८६८ ला न्यूयॉर्कमध्ये, सेंट्रल पार्कमधून गाडीने जाताना कोसळला, वय ४८. बोस्टनमध्ये या स्मारकाचा अर्पण समारंभ होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

नाव कोरलं नाही ते मला योग्य वाटतं. कुणा एकाचं कोरलं असतं तर ते दगडात घातलेलं भांडण झालं असतं. पण एक नाव असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं : अ‍ॅबटचं. अनोळखी वाफ, नवंकोरं यंत्र, उशिरा आलेला दंतवैद्य, समोर बघ्यांच्या रांगा. आणि तो त्या खुर्चीत बसून राहिला. आज माझ्यासमोर पेशंट मास्क लावून घेतो तेव्हा त्याच्या पाठीशी कोट्यवधी माणसांचा अनुभव असतो. अ‍ॅबटच्या पाठीशी जवळजवळ काहीच नव्हतं.

स्मारकाला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. मग बागेतून चार्ल्स स्ट्रीटवर या आणि उत्तरेला चालत राहा. वीसेक मिनिटांत हॉस्पिटल येतं. तिथल्या बुलफिंच इमारतीत तो घुमट, ईथर डोम, अजून आहे. चढत्या रांगांची बाकं, वरून येणारा उजेड, आणि १८२३ साली हॉस्पिटलला भेट मिळालेली इजिप्तची ममीसुद्धा. हॉस्पिटल ती जागा बैठका आणि व्याख्यानांसाठी वापरतं, म्हणून आज आत सोडणार का हे आधी विचारून घ्या. बंद असेल तर जवळच नॉर्थ ग्रोव्ह स्ट्रीटवर हॉस्पिटलचं वैद्यकीय इतिहासाचं म्युझियम आहे, तिकडे वळा. दीड तासात स्मारक आणि डोम होतात. म्युझियमही हवं असेल तर आणखी एक तास धरा, आणि होड्यांचा नाद त्या दिवसापुरता सोडा.