रजा संपली, थकवा गेला नाही

“मॅडम, आठवडाभर तारकर्लीला राहून आले. सोमवारी बँकेच्या पायऱ्या चढताना पुन्हा पोटात गोळा! मी कामचुकार झालेय का?”

विचारणारी बँकेच्या एका शाखेत अधिकारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) दिवसभर काउंटर आणि कर्जाच्या फायली, वर विम्याचं टार्गेट, आणि संध्याकाळी सातला ‘आज किती झालं?’ विचारणारा रिव्ह्यू कॉल.

थकव्याबद्दल ती भरभरून बोलली. मला मात्र तिने जाता जाता सांगितलेली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागते. एका आजोबांचं बोट मशीनवर काही केल्या उमटेना. ही खेकसली, “उद्या या!” ते निमूट निघून गेले. “आणि मॅडम, मला वाईटसुद्धा वाटलं नाही.”

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने होणारी अवस्था. खुणा तीन: शक्ती संपणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिली लगेच कळते. दुसरी आपण स्वभावावर ढकलतो. घरचेही ‘हल्ली फार चिडचिडी झालीस’ म्हणून मोकळे होतात.

आधी तिला डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्यायला सांगितलं. मग विचारलं, घरी मन रमतं का? लेकीबरोबर कॅरम खेळताना रमायचं. तिथलाही रस गेला असता, झोप-भूक उडाली असती, तर नैराश्याच्या शंकेने मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

कुठल्या दिवशी जीव जास्त मेटाकुटीला येतो, हे तिला रोज लिहायला लावलं. कामाच्या ढिगापेक्षा जास्त छळत होतं ते ऐन दुपारी सगळे बेत बदलून ‘हे सोडा, ते करा’ सांगणं. तारकर्लीने यात काय फरक पडणार? काही ठिकाणी हल्ली वेलनेस सत्रं घेतात. सातच्या कॉलनंतर साडेसातला ध्यान, याचं मला हसूच येतं.

मॅनेजरशी काय बोलायचं याची आम्ही तालीम केली. ‘मला ताण येतो’ म्हणायचं नाही. “पेन्शन काउंटर आणि फायली एकाच वेळी माझ्याकडे आहेत, दोन्हींत चुका होतील. अकरा ते एक काउंटर दुसऱ्या कुणाकडे द्या.” तेवढं त्यांनी मान्य केलं. टार्गेट जैसे थे. रात्री नऊनंतर शाखेचा ग्रुप म्यूट झाला, आणि आठवड्यातले तीन दिवस रात्रीचा स्वयंपाक नवऱ्याकडे गेला.

आजोबा पुन्हा आले, तेव्हा तिने त्यांना खुर्ची दिली. मला ही सुधारणा झोपेइतकीच मोलाची वाटते.

परवा तिने विचारलं, “बदलीचा अर्ज दिला तर ते पळून जाणं होईल का?”

मी म्हटलं, “मार्चपर्यंत टार्गेट कमी होईल?”

“वाढेल, मॅडम!”

अर्ज गेलाय.