पीएफ काढू नकोस, ट्रान्सफर कर

बेटा,

तुझा मेसेज पोचला. ‘काका, तीन वर्षांचेच तर पैसे आहेत, काढून टाकते, कोर्सची फी भागेल,’ आणि खाली क्लेम रिजेक्ट झाल्याचा फोटो. रिजेक्ट झाला ते बरंच झालं.

काढू नकोस. जुन्या कंपनीने डेट ऑफ एक्झिट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकली नसेल, तर शेवटचा भरणा झाल्यावर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर ती तुझी तुला टाकता येते. नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे करून घे. मग पैसे काढायचा क्लेम नाही, नव्या कंपनीच्या पीएफ खात्यात ट्रान्सफर टाक. सायबर कॅफेवाल्याचं ऐकू नकोस, त्याला क्लेममागे पैसे मिळतात.

पासबुक नीट बघितलंस का? पगारातून तुझे 12 टक्के, कंपनीचे 12. पण कंपनीच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शनकडे जातात, 15,000 पगाराच्या मर्यादेमुळे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये. त्या रकान्यात व्याज शोधू नकोस, तिथे वर्षं मोजतात. दहा झाली की 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क. फॉर्म 10सी भरून पैसे उचललेस की ही तीन वर्षं पुसली गेली. शिवाय पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर टॅक्स, तो वेगळाच.

दहा वर्षांची पेन्शन 15,000 च्या हिशेबाने 2,143 रुपये. हस खुशाल. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 वर अडकली आहे, ती वाढावी म्हणून बुलढाण्यात म्हातारी माणसं उपोषणाला बसली. ही योजना थोर आहे असं मी म्हणतच नाही. पण पीएफवर आठ टक्क्यांच्या आसपास व्याज टिकलं, तर आजचा लाख तीस वर्षांनी दहा लाख होतो. महागाई वाढेल, मान्य. कोर्सची फी मात्र हप्त्याने भरता येते. म्हणून काढू नकोस.

नाशिकला सातपूरच्या कारखान्यात, हजेरी-पगार बघणाऱ्या टाइम ऑफिसात असताना मी कितीतरी मुलींचे फॉर्म भरले. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला तेव्हा दोन महिने थांबायचीही अट नव्हती. ते पैसे लग्नात जायचे. पुढे त्यातल्या काहीजणी पुन्हा कामाला लागल्या, पेन्शनची वर्षं पहिल्या दिवसापासून मोजत. त्यांच्या नवऱ्यांचे फॉर्म कधी आले नाहीत, एवढं लक्षात ठेव.

तुझी काकू म्हणेल, पीएफ न काढण्याच्या याच हट्टापायी आपलं घर दहा वर्षं उशिरा झालं. झालं खरं. आईला त्या घरात राहायला मिळालं नाही, ते सलतं अजून. पण रिटायर झाल्यावर एकाही मुलापुढे हात पसरला नाही, ते कशाच्या जोरावर? हे काकूला विचार. ती उत्तर देणार नाही, चहा टाकायला उठेल.

नव्या कंपनीत फॉर्म 11 भरताना जुनाच यूएएन, म्हणजे तुझा कायमचा पीएफ नंबर, लिही. एचआरवाले नवा काढून देतो म्हणाले तर नाही म्हण. आणि फीचा आकडा मला कळव.

तुझा काका