किमोनो, सॅक्सोफोन आणि आमचा ऑर्गन

प्रश्न : तैवानच्या लोकनाट्यात, गेझायशीत, किमोनो नि सॅक्सोफोन कसे? ही भेसळच ना? — एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : अहो, भेसळ म्हणू नका. तैवानच्या ईशान्येकडच्या यिलान भागातली ही कला. १९३७ नंतर जपानी राजवटीने चिनी वेश आणि ढोल-झांजांवर टाच आणली. कलावंत पोटासाठी किमोनो घालून, सामुराई तलवारी घेऊन उभे राहिले. साथीला सॅक्सोफोन, विलायती ड्रम. ‘ऑपेरा’च्या जपानी उच्चारावरून या नव्या रूपाला नाव पडलं ‘ओपेला’. जपानी गेले, तरी देवळापुढच्या मांडवात रात्रीच्या खेळाला ओपेला रंगतच राहिला. मी चाळीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतोय. पायाने भाता मारत नांदीचा पहिला सूर धरला, की आजही अंगावर काटा येतो. तो ऑर्गनही साहेबाच्या चर्चमधलाच!