टिनाच्या घरात पंखा सुरू असूनही वरून झळ का लागते?

तुमचा प्रश्न असा आहे की, घरावर टिन टाकल्यापासून भर दुपारी पंखा पूर्ण वेगाने फिरत असतानाही डोक्याला झळ लागते, शेजारच्या जुन्या मातीच्या, कवेलूच्या घरात मात्र तसे होत नाही. तेव्हा टिनाखालची गरम हवा घालवण्यासाठी आणखी एक मोठा पंखा घ्यावा का? मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात विज्ञान शिकवतो आणि राहतोही टिनाच्याच घरात. माझे स्पष्ट मत आहे की पंख्यावर पैसे घालू नका, कारण ही झळ मुख्यतः हवेतून येतच नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर दुपारी दोनच्या सुमारास टिनाखाली बसा आणि खोक्याचा एखादा पुठ्ठा डोक्याच्या वर हातभर अंतरावर आडवा धरा. डोक्याची आणि खांद्यांची आग त्याच क्षणी कमी होते, आणि पुठ्ठा बाजूला केला की तितक्याच तत्परतेने परत येते. एवढ्याशा वेळात खोलीतली हवा थंड होणे शक्य नाही. बदल झाला तो एवढाच की टिन आणि डोके यांच्यामध्ये आडोसा आला. याचा अर्थ उष्णता टिनापासून सरळ रेषेत, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने तुमच्यापर्यंत पोचत होती. यालाच प्रारण म्हणतात, आणि त्याला मधल्या हवेची गरज लागत नाही.

प्रत्येक वस्तू असे किरण सोडत असते, तुमचे अंगसुद्धा. किती सोडते हे तिच्या निरपेक्ष तापमानाच्या (म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या तापमानाच्या) चौथ्या घातावर ठरते, हे भौतिकशास्त्रज्ञ स्टेफान यांनी १८७९ मध्ये मांडले आणि बोल्ट्झमन यांनी १८८४ मध्ये त्याला सिद्धान्ताचा आधार दिला. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की जुने, गंज चढलेले टिन ६५ अंशांपर्यंत सहज तापते. अशा टिनाचा एक चौरस मीटर साधारण साडेसहाशे ते सातशे वॅट इतकी उष्णता खाली सोडतो, तर ३५ अंशांची त्वचा तेवढ्याच क्षेत्रफळातून सुमारे पाचशे वॅट सोडते. हा दीड-दोनशे वॅटांचा फरक अंगात मुरत राहतो आणि पंख्याच्या वाऱ्याने त्यातला एकही किरण अडत नाही.

आता हवेचे पाहू. टिन जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे असते आणि लोखंड उष्णतेचे चांगले वाहक आहे, त्यामुळे वरच्या बाजूला ऊन लागताच खालची बाजूही तितकीच तापते. तिला लागून असलेली हवा गरम होते, पण गरम हवा हलकी असल्यामुळे ती आढ्यापाशीच साचून राहते, आपणहून खाली उतरत नाही. तिला खाली आणतो तो छताचा पंखा. म्हणून टिनाच्या घरात दुपारी छताच्या पंख्यापेक्षा दाराजवळ, बाजेच्या उंचीला ठेवलेला टेबल फॅन बरा, आणि आढ्याच्या खाली दोन्ही बाजूंच्या भिंतींत झरोके ठेवले तर ती साचलेली हवा वरच्या वर निघून जाते. दुपारी दारे-खिडक्या घट्ट लावण्याची आपल्याकडची रीत मातीच्या घरासाठी योग्य आहे, कारण त्या घरात बाहेरच्यापेक्षा गारवा असतो. टिनाचे घर दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त तापते, तिथे दार लावणे म्हणजे उष्णता कोंडणे होय.

शेजारच्या घराचे गमक त्याच्या जाडीत आहे. पांढऱ्या मातीच्या दीड फूट भिंतीतून दुपारची उष्णता इतकी सावकाश सरकते की ती आतल्या बाजूला पोचायला बारा तासांहून अधिक वेळ लागतो, आणि तोवर तिचा जोरही ओसरलेला असतो. सिमेंटच्या चार-पाच इंची स्लॅबमध्ये हेच अंतर तीन-चार तासांचे असते. म्हणून स्लॅबची घरे सूर्य मावळल्यावरही तापलेली राहतात आणि माणसे अंगणात बाजा टाकतात. टिनात उष्णता साठतच नाही. रात्री ते आकाशाकडे प्रारण करून झपाट्याने थंड होते, इतके की हिवाळ्यात पहाटे त्याच्या आतल्या बाजूला पाणी सुटून अंथरुणावर थेंब पडतात.

पंखा निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणत नाही. हवा त्वचेहून गरम असते तेव्हा वारा अंगाला उष्णताच देतो, पण तोच वारा घामही वाळवतो, आणि एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. आपला उन्हाळा कोरडा असल्याने हे चांगले साधते. कूलरही याच तत्त्वावर चालतो आणि म्हणूनच पावसाळी दमट हवेत तो हात टेकतो. घरातील वृद्धांना घाम कमी येतो, त्यामुळे ४० अंशांच्या वर त्यांना केवळ पंख्याखाली निजवू नये, अंगावर ओले फडके ठेवावे आणि वरचेवर पाणी पाजावे. ही गोष्ट मला छपरापेक्षाही महत्त्वाची वाटते.

तुमचा पैसा टिनाच्या वर आणि खाली लागला पाहिजे. होळी झाली की टिनावर चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग बरेचसे ऊन परतवतो आणि जी उष्णता शोषली जाते तीही आकाशाकडे चांगली सोडतो. नवे चकचकीत टिन ऊन परतवते असे वाटते, पण ते उष्णता बाहेर टाकण्यात फार कमी पडते, म्हणून त्यालाही चुना लावा. खालच्या बाजूला बुरडाकडून आणलेल्या बांबूच्या तट्ट्या टिनापासून वीतभर अंतर ठेवून वाशांना बांधा, म्हणजे टिन तुमच्या नजरेआड होईल. जे टिन दिसत नाही त्याची थेट झळही लागत नाही. तट्टीच्या वरच्या अंगाला चकचकीत फॉइल अंथरता आले तर फरक अधिक जाणवेल, कारण चकाकणारा पृष्ठभाग वरून आलेले किरण परत पाठवतो. मधली फट दोन्ही टोकांना मोकळी ठेवा. काही जण टिनावरच पऱ्हाट्या किंवा तुराट्या रचतात. त्याने सावली होते हे खरे, पण चुलीची ठिणगी आणि वादळ हे दोन्ही धोके असल्याने मी तो उपाय सुचवणार नाही. तट्ट्या लावतानाही विजेची वायर त्यांच्यावरून मोकळी नेऊ नका, पाइपमधून न्या, आणि चुलीच्या वरचा भाग उघडाच सोडा.