गोळी चुकवली, बिअर घेतली. फिट आली दुसऱ्या दिवशी

"ह्याला कुणीतरी काहीतरी पाजलं असणार," आई आल्या आल्या म्हणाल्या. मुलगा १७ वर्षांचा, बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली. निदान जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचं, म्हणजे किशोरवयात सुरू होणारी, सकाळी हातांना झटके देणारी मिरगी. फिट रोखणारी व्हॅल्प्रोएटची गोळी सकाळी आणि रात्री. वर्षभर एकही फिट नव्हती. मित्रांबरोबर फार्महाऊसवर एक रात्र काढली आणि सकाळी मोठी फिट आली. आईंचा प्रश्न सरळ होता: आता ह्याला मित्रांत पाठवायचंच नाही का?

आईंना थोडा वेळ बाहेर बसवून मुलाला त्या रात्रीचे तास कागदावर लिहायला दिले. रात्री ९, गोळी नाही. १० ते १, तीन बिअर. पहाटे ४ ला झोप. ७ ला उठला तेव्हा चहाचा कप दोनदा हातातून उडाला. सगळे हसले, "अजून उतरली नाही वाटतं." साडेनऊला फिट.

गोळी का नाही घेतली? "दारू आणि औषध एकत्र घ्यायचं नसतं ना!" त्याने समजून-उमजून, काळजी म्हणून गोळी टाळली होती. ही चूक फार मुलं करतात. सल्ला दारू टाळण्याचा असतो, ऐकला जातो गोळी टाळण्याचा. पिणं झालंच असेल तरी नेहमीचा डोस चुकवायचा नाही. मात्र क्लोबाझाम किंवा क्लोनाझेपामसारखी गुंगीची गोळी चालू असेल तर दारूबरोबर श्वास मंदावू शकतो; तेव्हा डॉक्टरांना फोन करून विचारायचं. चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून दोन गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत.

दुसरा गैरसमज, "पिताना काहीच झालं नाही." दारू चढलेली असताना मेंदू दबलेला असतो; ती उतरू लागली की उसळतो. बरेच पेग झाले असतील तर फिटचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. इथे त्यात तीन तासांची झोप आणि चुकलेला डोसही होता. या प्रकारच्या मिरगीत अपुरी झोप एकटीच पुरते. म्हणून दारूला हात न लावता गरब्याच्या किंवा विसर्जनाच्या रात्री जागलेल्या मुलांनाही सकाळी झटके येतात. कप उडाला तीच सूचना होती. तेव्हाच त्याला खाली बसवून घरी कळवायला हवं होतं. अशा वेळी पोहणं आणि बाइक दोन्ही बंद. फार्महाऊसवर स्विमिंग पूल होता, हे त्यानं शेवटी सांगितलं.

गांजाबद्दलही त्यानं विचारलं: "त्याचंच तर फिटवर औषध बनतं?" बनतं, पण ते शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं कॅनाबिडिऑल. पुडीत नशा आणणारा दुसरा घटक भरपूर असतो आणि मात्रा कुणालाच ठाऊक नसते. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या नशेसाठी फिरतात; त्या तर मिरगी नसलेल्यालाही फिट आणू शकतात.

मग मित्रांचं काय? "मला मिरगी आहे" हे सगळ्यांना सांगायला तो तयार नव्हता आणि तसा आग्रहही धरला नाही. आपल्याकडे "गोळ्या चालू आहेत" म्हटलं की सहसा पुढचे प्रश्न येत नाहीत. हे एवढंच वाक्य, हातात स्वतःचा लिंबू सोड्याचा ग्लास, आणि १२ नंतर झोपायला जायचं. दोन-तीनदा म्हणून घेतलं. पहिल्यांदा तो कारणं देत बसला आणि तिथेच अडकला. कारण दिलं की समोरचा ते खोडतो.

एका मित्राला मात्र पूर्ण माहिती हवी. फिट आली तर कुशीवर वळवणं, घड्याळ पाहणं, तोंडात काही न घालणं, कांदा-चप्पल न हुंगवणं. ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८. फिटनंतरचं बरळणं म्हणजे "चढलीय" असं समजून त्याला एकट्याला झोपवायचं नाही.

आईंना उत्तर मिळालं: पाठवा, पण आधी त्या मित्राला घरी चहाला बोलवा. तो आला. दोन दिवसांच्या जादा गोळ्या आता त्याच्या सॅकमध्येही असतात.